दहा फुटांची पाटी : उभट आणि तिरक्या अक्षरांची गोष्ट

१. नाव बसत नाही म्हणजे काय?

मालाड स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलं की पहिली शंभर पावलं माणूस दुकानांच्या पाट्या वाचत चालतो. वाचायचं ठरवलेलं नसतं. खाली बघावं तर गर्दी, समोर बघावं तर रिक्षा, म्हणून डोळे आपोआप वर जातात. काही पाट्या एका नजरेत वाचून होतात. काहींवर मात्र अक्षरं दोन्ही बाजूंनी कुणीतरी दाबून धरल्यासारखी दिसतात. डोक्यावरची रेघ जाड, खालच्या दांड्या काडीसारख्या आणि मधल्या गाठी चिकटलेल्या. पाटी करणाऱ्याला विचारा, उत्तर ठरलेलं असतं, "नाव बसत नव्हतं हो. मग थोडं चेपलं."

यातून एक साधा प्रश्न निघतो. वर्तमानपत्राच्या मथळ्यात, नाटकाच्या जाहिरातीत, कबड्डी स्पर्धेच्या बॅनरवरही अक्षरं अरुंदच असतात, पुष्कळदा तिरकीही असतात, आणि तिथे ती झकास दिसतात. मग दुकानाच्या पाटीवर तीच आजारी का दिसतात?

हा प्रश्न आता बऱ्याच दुकानदारांचा झाला आहे. दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या छोट्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक करणारी कायद्यातली दुरुस्ती महाराष्ट्रात २०२२ मध्ये झाली. देवनागरी अक्षर पाटीवरच्या दुसऱ्या कुठल्याही लिपीच्या अक्षरापेक्षा लहान असता कामा नये, ही अटही त्यात आहे. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या व्यापाऱ्यांना पाट्या बदलायला दोन महिने दिले. मग जुन्या पाटीच्या मापात नवं नाव बसवायची घाई झाली. दुकानाचा गाळा तेवढाच, पाटीची रुंदी तेवढीच, आणि त्यात दोन लिप्या. घाईत हाताशी असलेला सोपा उपाय म्हणजे संगणकावर नाव धरायचं आणि बाजूनं ढकलायचं.

ते का फसतं हे समजायला आधी तीन शब्द ओळखीचे करून घेऊ.

२. तीन शब्द : मथळ्याचं, उभट, तिरकं

पहिला शब्द *मथळ्याचं अक्षर*. छापखान्यात आणि डिझाइनच्या दुनियेत त्याला डिस्प्ले म्हणतात. पुस्तकाचं पान ज्या अक्षरात छापतात ते भाकरीसारखं असतं. पोटभर खाता येतं आणि चवीकडे लक्ष जात नाही. मथळ्याचं अक्षर हा ठेचा. चमचाभर पुरतो, लक्ष वेधून घेतो, पण त्यावर जेवण होत नाही. मथळ्यात चार-पाच शब्दच असतात, म्हणून तिथे अक्षरकाराला थोडी मस्ती करायची मुभा मिळते.

दुसरा शब्द *उभट*. उंचीच्या मानानं रुंदी कमी असलेलं अक्षर, इंग्रजीत कंडेन्स्ड. याच्या उलट पसरट. घरातल्या भांड्यांवरून बघा. परात पसरट, तांब्या मध्यम आणि उंच पेला उभट. पेल्यात पाणी कमी मावत असेल, पण फडताळात जागा कमी लागते. उभट अक्षराचा सगळा व्यवहार असाच जागेचा आहे.

तिसरा शब्द *तिरकं*. उभ्या दांड्या उजवीकडे झुकलेलं अक्षर, म्हणजे इटॅलिक. यात दोन जाती आहेत. एक नुसतं कलतं केलेलं सरळ अक्षर. दुसरं खरं इटॅलिक. ते हाताच्या वेगवान लेखनातून आलेलं असतं आणि त्यात अक्षराचा आकारही बदलतो. रोमन लिपीतला लहान 'ए' पाहिलात तर फरक दिसेल. सरळ अक्षरात त्याच्या डोक्यावर छत्री असते, इटॅलिकमध्ये ती गळून पडते आणि उरतो हातानं लिहितो तसा गोल 'ए'.

तिन्ही गुण एकत्र आले की उभट, तिरकं, मथळ्याचं अक्षर तयार होतं. कमी जागेत उंच उभं राहणारं आणि पुढे निघालेलं. त्याचा स्वभाव घाईचा असतो. कुणी धावतंय, काहीतरी सुरू होतंय, लवकर या, असं ते शब्द वाचायच्या आधीच सांगतं.

३. चेपणं आणि आखडून बसणं : चौथी सीट

आता मूळ प्रश्नाकडे. लोकलच्या बाकावर तीन माणसांची जागा असते आणि बसतात चार. चौथा आला की पहिले तिघे काय करतात? कोपर आत घेतात, पिशवी मांडीवर घेतात, एखादा जरा तिरका होतो. कुणाचीही हाडं बारीक होत नाहीत. माणसांमधली आणि माणसांभोवतीची मोकळी हवा तेवढी कमी होते. दारात मात्र वेगळंच घडतं. तिथे माणूस बाहेरून दाबला जातो आणि अंधेरी येईपर्यंत त्याचा शर्टही स्वतःचा राहत नाही.

नीट रेखाटलेलं उभट अक्षर म्हणजे चौथ्या सीटसाठी आखडून बसलेलं अक्षर. संगणकावर बाजूनं ढकललेलं अक्षर म्हणजे दारात चेपलेलं.

हे आकड्यांत पाहू. समजा एक अक्षर १०० मिलिमीटर रुंद आहे. त्यात उभ्या दांडीची जाडी २० आणि शिरोरेषेची जाडी १६ मिलिमीटर. म्हणजे दांडी रेषेपेक्षा थोडी भक्कम, खांब तुळईपेक्षा जाड असतो तशी. आता हे अक्षर बाजूनं ढकलून ७० टक्के केलं. आडवं माप घटलं, उभं तसंच राहिलं. त्यामुळे दांडी १४ झाली, पण शिरोरेषेची जाडी हे उभं माप असल्यामुळे ती १६ वरच राहिली. खांब तुळईपेक्षा बारीक झाला. डोळ्याला हा हिशोब करता येत नाही, पण घर डगमगतंय हे कळतं. पाटीवरचं अक्षर आजारी दिसतं ते यामुळे.

चांगला अक्षरकार काय करतो? त्या १०० मिलिमीटर रुंदीत समजा ४० मिलिमीटर शाई आहे आणि ६० मिलिमीटर पोकळी. रुंदी ७० वर आणायची आहे. ढकललं तर दोन्ही सारख्या प्रमाणात घटतात. शाई २८, पोकळी ४२. रेखाटताना तो शाई ३५ च्या आसपास राखतो आणि पोकळीही ३५ वर आणतो. म्हणजे कपात बहुतेक हवेत करतो, हाडांना जेमतेम हात लावतो. शिवाय शिरोरेषा किंचित बारीक करतो, गोलाई थोडी चौकोनी करतो, कारण गोल पोट अरुंद जागेत बसत नाही, सपाट कुशीचं बसतं.

४. 'मालाड' हा शब्द उलगडून पाहू

कागदावर मोठ्या अक्षरात 'मालाड' लिहा. त्यात काय काय आहे? म, काना, ल, काना, ड. तीन अक्षरं आणि दोन काने. वर सगळ्यांना धरून ठेवणारी एक शिरोरेषा.

म आणि दोन काने आखडायला सोपे. ते दांड्यांवर उभे असतात. काना तर नुसती दांडीच. त्याच्या आजूबाजूची हवा कमी केली की काम झालं. ड ला दांडीच नाही. तो शिरोरेषेला लोंबतो आणि पोट पुढे काढतो. आखडताना त्याचं पोट आत घ्यावं लागतं, पण फार घेतलं तर तो इ सारखा दिसायला लागतो.

खरी कसोटी आहे ल ची. मराठीचा ल पाकळ्यांचा असतो. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयात 'पाकळीयुक्त ल' आणि 'देठयुक्त श' ही रूपं प्रमाण मानली आहेत. हिंदी छपाईत सर्रास दिसणाऱ्या ल ला उजवीकडे पूर्ण दांडी असते. पाकळीच्या ल ला ती नसते. त्याच्या दोन पाकळ्या शेजारी-शेजारी असतात, म्हणजे एकाच अक्षरात दोन पोकळ्या. दांडीचा ल आखडणं सोपं आणि पाकळीचा अवघड. म्हणून पुष्कळ उभट अक्षरांत दांडीचा ल दिसतो, आणि मराठी माणसाला पाटी 'कुठेतरी हिंदी' वाटते. बऱ्याच नव्या फॉन्टमध्ये मराठीचा ल आणि श आत दडलेले असतात. संगणकावर मजकुराची भाषा मराठी निवडली की ते बाहेर येतात. पाटी करून घेताना एवढं आठवणीनं सांगावं.

आणखी एक अडचण देवनागरीची स्वतःची आहे. रोमन अक्षरं सुटी असतात. ती आखडल्यावर गिचमीड वाटली तर दोन अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवता येतं. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. म्हणजे हवा खेळती ठेवायची सगळी व्यवस्था अक्षराच्या आतच करावी लागते.

जोडाक्षरांचं गणित याहून मजेशीर आहे. 'स्व' शेजारी-शेजारी बसतो, 'द्ध' एकावर एक. शेजारी बसणारं जोडाक्षर रुंदी खातं, एकावर एक बसणारं उंची खातं. चाळीच्या खोलीत मुलांची झोपायची सोय करावी तसं हे आहे. दोन गाद्या शेजारी घाला किंवा दुमजली पलंग आणा. उभट अक्षराला दुमजली पलंग सोयीचा, पण त्यासाठी छत उंच हवं.

५. पाटीचा हिशोब : छत किती उंच?

आता खरीखुरी पाटी घेऊ. समजा गाळा दहा फूट रुंद आहे, म्हणजे १२० इंच. दोन्ही कडांना सहा-सहा इंच सोडले की उरले १०८. नाव समजा 'सरस्वती पुस्तक भांडार'.

साध्या वळणात एका अक्षराची रुंदी साधारण त्याच्या उंचीइतकी धरा. इथे उंची म्हणजे शिरोरेषेपासून पायापर्यंतचा धड भाग. काना किंवा वेलांटीची दांडी त्याच्या ०.४, र थोडा बारीक, जोडाक्षर दीडपटीच्या आतबाहेर. दोन शब्दांमधली मोकळी जागा धरून या नावाची रुंदी उंचीच्या सुमारे साडेबारापट येते. १०८ ला १२.५ नं भागलं तर ८.६. म्हणजे साध्या अक्षराचं धड साडेआठ इंचांच्या थोडं वर.

आता ७० टक्के रुंदीचं उभट अक्षर घ्या. साडेबाराचे झाले पावणेनऊ. १०८ भागिले ८.७५ म्हणजे १२.३ इंच. तेवढ्याच रुंदीत अक्षर चाळीस टक्क्यांहून जास्त उंच झालं. पाट्यांच्या धंद्यात एक ढोबळ नियम वापरतात, दहा फूट अंतराला एक इंच उंची. त्या हिशोबानं ८६ फुटांवरून वाचता येणारी पाटी १२३ फुटांवर जाते. प्रत्यक्षात थोडं कमी मिळतं, कारण अरुंद पोकळ्या दुरून आधी बुजतात. तरीही रस्त्याच्या पलीकडचं गिऱ्हाईक आपलं होतं.

मग सगळ्यांनीच उभट अक्षर का वापरू नये? इथे छताचा प्रश्न येतो. देवनागरीत धडाच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार असतात आणि खाली उकार. या नावात वर 'ती' आहे, 'भां' आहे आणि खाली 'पु' आहे. वर-खाली मिळून धडाच्या पाऊणपट जागा धरा. १२.३ इंचांच्या धडाला एकूण साडेएकवीस इंच लागतात. पाटी अडीच फूट उंच असेल तर कडा सोडून २४ इंच मिळतात आणि नाव आरामात बसतं.

पण पाटी दीड फूटच उंच असेल तर? १८ इंचांतून कडांचे चार वजा करा. उरलेल्या १४ इंचांत धड बसेल आठ इंचांचं. आठ इंचांचं साधं अक्षर घेतलं तर रुंदी होते १०० इंच, आणि जागा आहे १०८. साधं अक्षरच बसतंय! इथे उभट अक्षर घेण्यात काहीच फायदा नाही. उलट दोन्ही बाजू ओकीबोकी राहतील.

म्हणून पाटी करणाऱ्याला फॉन्टचं नाव विचारण्याआधी टेप लावून उंची मोजावी. उभट अक्षराचं भाडं उंचीत भरावं लागतं.

शेजारी इंग्रजी नाव असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रोमन कॅपिटलना वर-खाली काहीच नसतं. २४ इंचांची पट्टी मिळाली तर ती २४ इंच भरून उभी राहतात. देवनागरीचं धड तेवढ्याच पट्टीत जेमतेम चौदा इंचांचं होतं. दोघांना सारखी पट्टी देणं म्हणजे दोघांना सारखं मोठं करणं होत नाही. डोळा मोजतो ते धड.

६. तिरकं अक्षर आलं कुठून?

व्हेनिसचे छापखानेवाले आल्डस मॅन्युशियस यांनी १५०१ मध्ये रोमन कवी व्हर्जिल याच्या कवितांचं एक छोटं पुस्तक छापलं. खिशात मावेल एवढं, आणि पूर्ण तिरक्या अक्षरात. ठसे कापले होते फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिरानं. नमुना होता त्या काळच्या सुशिक्षित इटालियन माणसाचं वेगवान हस्ताक्षर. वेगात लिहिताना हात पुढे झुकतो, अक्षरं अरुंद होतात, एकमेकांना चिकटतात. म्हणजे उभटपणा आणि तिरकेपणा यांची सोयरीक पहिल्या दिवसापासूनची आहे. दोघेही घाईची लेकरं.

पुढे रोमन छपाईत तिरक्या अक्षराला वेगळं काम मिळालं. सरळ मजकुरात एखाद्या शब्दावर जोर द्यायचा, पुस्तकाचं नाव वेगळं दाखवायचं की तो शब्द तिरका. देवनागरीत ही रीत मुरली नाही. आपण जोर द्यायला अक्षर ठळक करतो, अवतरणचिन्हं घालतो, नाहीतर खाली रेघ मारतो.

मराठीला मात्र घाईचं वळण माहीत नव्हतं असं नाही. आपलं घाईचं वळण म्हणजे मोडी. मोडी लिहिणारा आधी ओळभर शिरोरेषा ओढून घ्यायचा आणि मग हात शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरं पळवायचा. विल्यम कॅरी यांचा मराठी शब्दकोश १८१० मध्ये बंगालातल्या श्रीरामपूरला छापला गेला तो मोडी ठशांत. पण पुढे छपाई बाळबोध देवनागरीच्या बाजूनं गेली, मोडी दप्तरात राहिली आणि विसाव्या शतकाच्या मध्याला शाळांमधूनही गेली. रोमन लिपीत सरळ आणि धावतं ही दोन वळणं एकाच पानावर नांदली. आपल्याकडे दोघांनी वेगळी बिऱ्हाडं केली.

७. वाऱ्यातली दोरी

देवनागरी अक्षर तिरकं करताना नेमकं काय होतं? वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी डोळ्यांसमोर आणा. वारा आला की सदरे, धोतरं सगळी एका बाजूला उडतात. दोरी मात्र आडवीच राहते. शिरोरेषा ही दोरी. दांड्या झुकतात, रेषा सपाट राहते. म्हणून तिरक्या देवनागरीत एक ताण दिसतो, अर्धं अक्षर स्थिर आणि अर्धं धावतंय. रोमनमध्ये ही दोरीच नाही, त्यामुळे तिथे सगळंच धावतं.

जुन्या पेंटरांनी यावर स्वतःचा तोडगा काढला होता. ते खडूची दोरी तिरकी ताणून आपटायचे आणि अख्खी ओळच चढती लिहायचे. म्हणजे दोरीच एका बाजूनं वर बांधायची. सिनेमाच्या पोस्टरवर, ट्रकच्या पाठीवर, दहीहंडीच्या बॅनरवर ही चढती ओळ अजून दिसते.

आता लेखणीकडे बघू. रुंद टोकाच्या लेखणीनं लिहिताना रोमन लिपीत '/' अशा दिशेची रेघ बारीक उमटते. देवनागरीचा बोरू उलट्या बाजूनं छाटतात, त्यामुळे तीच रेघ जाड उमटते. उजवीकडे झुकलेली दांडी बरोबर याच दिशेला वळते. म्हणून रोमन इटॅलिक नाजूक होत जातं आणि बोरूच्या वळणाची देवनागरी तिरकी केली की वजनदार होते. आपलं तिरकं अक्षर कुजबुजत नाही, आरोळी देतं. मथळ्याला हेच हवं असतं आणि परिच्छेदाला हेच नको असतं.

तिरकं करायलाही जागा लागते. दहा अंशांनी झुकवलं तर दर इंच उंचीमागे माथा ०.१८ इंच सरकतो. आपल्या पाटीवरच्या नावाची वर-खाली धरून उंची साडेएकवीस इंच होती. म्हणजे माथा जवळजवळ चार इंच उजवीकडे गेला. वीस अंशांना तोच आठ इंचांच्या आसपास जातो. १०८ इंचांत ही रक्कम थोडी नाही. म्हणून उभट तिरकं अक्षर सहसा थोडंच झुकवतात. शेवटच्या अक्षरावर रफार किंवा वेलांटी असेल तर ती पाटीबाहेर डोकावते का, हे आधी कागदावर बघावं.

८. लाकडी ठशापासून मालाडच्या गाळ्यापर्यंत

उभट अक्षराला खरी मागणी आली ती एकोणिसाव्या शतकात, भिंतीवरच्या जाहिरातींनी. शिशाचे मोठे ठसे जड आणि महाग. अमेरिकेत डॅरियस वेल्स यांनी १८२७-२८ च्या सुमारास यंत्रानं लाकडी ठसे कापायला सुरुवात केली आणि हातभर उंचीची अक्षरं स्वस्त झाली. कागदाची रुंदी ठरलेली, सर्कशीचं नाव लांब. मग अक्षरं उंच आणि सडपातळ होत गेली.

मुंबईत देवनागरी ठशांचं मोठं काम केलं जावजी दादाजी यांनी. १८६४ मध्ये त्यांनी टाइप फाउंड्री काढली, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणूजी रावजी आरू यांनी कापलेलं निर्णयसागरी अक्षर पुढची कितीतरी दशकं मराठी डोळ्यांना 'छापील अक्षर' म्हणून माहीत होतं. पण ते भाकरीचं अक्षर होतं. ठेच्याची सोय हातानंच व्हायची.

त्या हाताच्या कामाचं एक मोठं गिऱ्हाईक मालाडमध्येच होतं. हिमांशू रॉय आणि देविका राणी यांनी १९३४ मध्ये सुरू केलेली बॉम्बे टॉकीज इथलीच. 'अछूत कन्या' १९३६ चा, 'किस्मत' १९४३ चा. त्या काळी हिंदी सिनेमाचं नाव पोस्टरवर देवनागरी, रोमन आणि उर्दू अशा तीन लिप्यांत लिहायची पद्धत होती. एक शिरोरेषेला लोंबणारी, एक पायावर उभी, एक उजवीकडून डावीकडे वाहणारी, आणि तिघींची मोट एका चित्रात बांधायची. आज बॉम्बे टॉकीजच्या आवारात छोट्या कारखान्यांचे गाळे आहेत.

नाटकांच्या जाहिरातींनी मराठी अक्षराला आणखी एक शिस्त लावली. वर्तमानपत्रात जाहिरातीचे पैसे स्तंभ आणि सेंटीमीटरवर मोजतात. एका स्तंभाच्या अरुंद चौकटीत नाटकाचं नाव, नाट्यगृह, वार, वेळ सगळं कोंबायचं, आणि तरी नाव इतर वीस नाटकांतून उठून दिसलं पाहिजे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी ही कला हयातभर केली. 'मत्स्यगंधा' चार अक्षरांचं नाव, 'रायगडाला जेव्हा जाग येते' चार शब्दांचं. दोघांची जागा तेवढीच. तिथे तयार ठसा उपयोगाचा नव्हता, प्रत्येक नाव स्वतंत्र रेखाटावं लागे. त्यांचं 'माझी अक्षरगाथा' हे पुस्तक चाळलं की एकाच अरुंद चौकटीतून किती स्वभाव निघू शकतात ते दिसतं.

संगणक आला तशी हातानं रेखाटायची सवय सुटली आणि ढकलायची सवय लागली, कारण देवनागरीत मुळातून उभट रेखाटलेले फॉन्ट फारसे हाताशी नव्हते. गेल्या दहा-बारा वर्षांत हे बदललं. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा 'खंड' २०१४ मध्ये आला. तो मथळ्यासाठीच उभट रेखाटलेला आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या गटानं २०२२ मध्ये 'अनेक' आणला. दहा लिप्या, आणि प्रत्येकीची रुंदी ७५ पासून १२५ पर्यंत हवी तशी सरकवता येते. सरकवताना दांडी आणि शिरोरेषा यांचं नातं अक्षरकारांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. म्हणजे ढकलण्याची सोय, पण आखडून बसण्याचा परिणाम. दोन्ही गूगलच्या संग्रहात फुकट मिळतात. तिरकं वळण मात्र त्यात नाही. ते हवं असेल तर अजूनही कुणाचा तरी हात लागतो.

९. कुठे शोभतं, कुठे नाही

वेग, स्पर्धा, तातडी आणि टंचाई या चार ठिकाणी उभट तिरकं अक्षर शोभतं. कुरिअर आणि टेम्पो सेवा, कबड्डी-क्रिकेटच्या स्पर्धा, गोविंदा पथकाचे टी-शर्ट, ताज्या बातमीचा मथळा, 'शेवटचे तीन दिवस' असा सेलचा फलक. यांत शब्द थोडे असतात आणि जागा त्याहून थोडी.

औषधाच्या पाकिटावरच्या सूचना, हॉस्पिटलातले बाण, लग्नपत्रिकेतला पत्ता, सोसायटीची नोटीस, इथे ते नको. वाचणारा वयस्क असू शकतो, काळजीत असू शकतो, आणि त्याला घाई करायला सांगणारं अक्षर त्याला नको असतं. तीन ओळींपेक्षा जास्त मजकूर असेल तर कुठेच नको. दांड्यांचं कुंपण तयार होतं आणि नजर त्यात अडकते.

रात्री मागून दिवा लागणारी पाटी असेल तर आणखी सांभाळावं. उजेड अक्षराच्या कडेबाहेर सांडतो आणि अरुंद पोकळ्या भरून टाकतो. दिवसा नीट दिसणारा 'भ' रात्री 'म' वाटू शकतो. अशा पाटीला एक पायरी बारीक वजनाचं, थोडं सैल अक्षर घ्यावं.

१०. पाटीवर चढण्याआधी

छापायला देण्याआधी दोन परीक्षा घरच्या घरी होतात. पहिली, नाव फोनवर उघडा, अंगठ्याच्या नखाएवढं करा आणि डोळे किलकिले करून बघा. आधी शिरोरेषाच दिसली आणि दांड्या विरल्या तर अक्षर ढकललेलं आहे. दुसरी, शेजारच्या मुलाला बोलावून तीन सेकंद दाखवा आणि काय वाचलं ते विचारा. दुकानाचं नाव तुम्हाला पाठ असतं, त्याला नसतं.

आणि आपल्या सरस्वती पुस्तक भांडाराचं काय? पाटी अडीच फूट उंच असेल तर उभट अक्षर घ्या, सरळ घ्या. पुस्तकाच्या दुकानाला कुठे पोचायची घाई नसते. पाकळीचा ल या नावात नाहीच, तेवढी एक चिंता कमी. पाटी दीड फुटाची असेल तर साधं अक्षर पुरेसं आहे. आणि नावापुढे 'अँड जनरल स्टोअर्स' जोडायचा विचार असेल तर त्याआधी पेंटरकाकांना विचारा. ते फॉन्ट वगैरे काही बोलणार नाहीत. खडूची दोरी हातात धरून पाटीची रुंदी नजरेनं मोजतील आणि विचारतील, "जनरलमध्ये ठेवणार काय, ते सांगा आधी. नसेल ठेवत, तर जागा कशाला अडवता?"